पाय माझे, हँडल हबीबचं

एकोणीसशे एकोणऐंशी साली नाशकात सायकलवर डबल सीट जाणं हा गुन्हा होता आणि रिवाजही होता. दोन्ही गुण्यागोविंदाने नांदावेत म्हणून गावाने एक पद्धत काढली होती. चौकात पोलीस दिसला की पुढच्याने हळूच "मामा" म्हणायचं. मागच्याने उडी मारायची, शर्ट सारखा करायचा आणि आपण जन्मापासून पायीच चालत आलो आहोत अशा चेहऱ्याने चौक ओलांडायचा. पुढचा पन्नास पावलांवर एक पाय टेकून थांबलेला असायचा. तिथे मागच्याने पुन्हा बसायचं. पोलिसाला हे माहीत असे. त्याला माहीत आहे हे आपल्यालाही माहीत असे. चौकापुरता कायदा पाळला की सगळ्यांचं समाधान होई.

ही पद्धत चालायला एकच गोष्ट लागे. पुढचा कोण आणि मागचा कोण, हे दोघांनाही ठाऊक असायला हवं.

माझा मित्र हबीब भद्रकालीत त्याच्या भावाच्या, इसाकभाईच्या, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. सायकल इसाकभाईची होती. त्या आठवड्यात हबीबचा गुडघा सुजलेला होता, म्हणून त्याला पेडल मारता येत नव्हतं. आणि मी हँडल धरलं की सायकल डावीकडे जाते. का जाते ते कोणाला कळलेलं नाही, इसाकभाईने दोनदा चाक बदलून पाहिलं. तेव्हा आम्ही कामाची वाटणी केली होती. हबीब सीटवर बसून हँडल धरायचा, त्याचे पाय दोन्ही बाजूंनी मोकळे लोंबायचे. मी मागे कॅरिअरवर बसून, पाय पुढे लांबवून पेडल मारायचो. घंटी ज्याच्या मनात येईल तो वाजवायचा.

असे आम्ही रविवार कारंजावरून पुलाकडे उतरत होतो. फोटो स्टुडिओतून माझे फोटो आणले होते, ते प्रेसच्या फॉर्मला लावायचे होते. खाली चौकात छत्रीखाली पोलीस उभा होता. हबीब म्हणाला, "मामा." आणि मी उडी मारली.

हबीबनेही मारली. पेडल सहादू, म्हणजे मी, मारतोय, तेव्हा सायकल सहादूची, आपण पाहुणे, असा त्याचा हिशोब. हँडल हबीबकडे आहे, म्हणजे सायकल त्याची, आपण पाहुणे, असा माझा. दोघे पाहुणे रस्त्याच्या दोन बाजूंना शर्ट सारखे करत चालू लागलो. सायकल एकटी पुढे गेली. एकटी असली की ती अगदी सरळ जाते, हे त्या दिवशी समजलं. ती उतारावरून चौकात शिरली, पोलिसाच्या छत्रीखालच्या चौथऱ्याला जाऊन धडकली आणि तिथे आडवी झाली.

पोलिसाने विचारलं, चालवत कोण होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. दोघंही खरं बोलत होतो. तो थोडा वेळ दोन्ही बोटांकडे बघत राहिला. मग त्याने पावतीबुक काढलं, पण त्याच्या पेनातून शाई उतरेना. माझ्या खिशाला पेन होतं ते त्याने मागून घेतलं, आणि पेन ज्याचं त्याचंच नाव लिहायला घेतलं. सहादू कोंडाजी दोंदे. लिहून झाल्यावर त्याचा हात थांबला.

"कोंडाजी गुरुजींचा मुलगा का तू?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. पोलिसाचं नाव पुंजाराम. तो नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताखाली चौथी पास झाला होता, आणि पाढे न आल्याबद्दल त्यांनी त्याला वर्षभर खिडकीपाशी उभं केलं होतं. तो म्हणाला की आधी सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं, पण पानांवर नंबर छापलेले असतात, आता पान फाडता येत नाय. अगदी जड मनाने त्याने खाली "डबल सीट" असं लिहिलं. पेन परत द्यायचं मात्र राहून गेलं.

आता प्रेसबद्दल. नाशिक रोडला नोटा छापतात ती प्रेस. तिथे माझी क्लार्क म्हणून निवड झाली होती. तोंडी परीक्षा झाली, डॉक्टरने छाती मोजली, राहिला होता फक्त पोलीस चौकशीचा फॉर्म. तो चौदा तारखेपर्यंत भरून द्यायचा होता. नाना मे महिन्यात रिटायर होणार होते, पाठच्या दोन बहिणी शिकत होत्या, आणि निवड यादीत माझ्या मागे एकोणतीस जण माझं काहीतरी बिनसण्याची वाट बघत उभे होते. फॉर्मवर दोन प्रश्न शेजारी शेजारी होते. आपल्यावर कोणत्याही न्यायालयात खटला चालू आहे काय? आपणांस कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केलेली आहे काय?

तोपर्यंत मला त्या दोन्ही प्रश्नांत रस नव्हता.

समन्स पुंजाराम स्वतः घेऊन आला, लाजेखातर. मी घरी नव्हतो, नाना शाळेत होते. घरात आई होती, आणि ती पंधरा दिवसांपासून प्रेसच्या कागदाची वाट बघत होती. पुंजारामने दारात चपला काढल्या आणि तीन सिंहांचा शिक्का असलेला कागद पुढे केला. गुरुजींच्या घरात काय बोलावं हे त्याला सुचेना. तो एवढंच म्हणाला की सहादूचा कागद हाय, बारा तारखेला दहा वाजता हजर व्हायचं. आईने त्याच्या हातावर साखर ठेवली. पुंजारामने ती खाल्ली. माझ्या मते सगळा घोळ त्या साखरेपाशी झाला. माणसाने समन्स दिल्यावर साखर खाऊ नये.

आईने कागद भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवला, मेणबत्ती लावली आणि शेजारच्या सिंधुबाईंना हाक मारली. मी घरी आलो तेव्हा गल्लीतल्या अकरा घरांत साखर पोचली होती. लोक मला बघून उठून उभे राहत होते. मला वाटलं, खरंच लागलो. मीसुद्धा चिमूटभर खाल्ली.

नाना शाळेतून आले, चष्मा लावला, आणि तपासायच्या पेपरासारखा तो कागद उभ्याउभ्या वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी मेणबत्ती फुंकली.

मग माझ्याकडून सगळी हकिकत काढून घेतली. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त मांडणी केली. गुन्हा कबूल केला तर दंड होणार, म्हणजे शिक्षा झाली, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला होय. नाकबूल केला तर पुढची तारीख पडणार, म्हणजे खटला चालू, म्हणजे पहिल्या प्रश्नाला होय. मी विचारलं, ती जागा कोरी सोडली तर. नाना म्हणाले की कोरी जागा हेही उत्तरच असतं, त्याला शून्य मार्क मिळतात. आणि खोटं लिहायचं असेल तर ते रिटायर होण्याआधी मी घर सोडावं. हे त्यांनी पाणी मागावं तशा आवाजात सांगितलं.

राहिला एकच रस्ता. बाराला कोर्टात उभं राहायचं आणि त्याच दिवशी निर्दोष सुटायचं. सायकलच्या केसमध्ये असं आजवर कोणी सुटल्याचं ऐकिवात नव्हतं, कारण आजवर कोणी प्रयत्नच केला नव्हता.

हबीबला कळलं तसा तो लंगडत घरी आला. म्हणाला, "अरे, माझं नाव सांग ना सहादू. मला कुठं फॉर्म भरायचाय? इसाकभाई माझी चौकशी रोजच करतो." पण समन्स माझ्या नावाचं होतं, आणि पुंजारामला विचारलं तर तो म्हणाला की नाव बदलायला दुसरं पान लागतं, आणि दुसऱ्या पानाला दुसरा गुन्हा लागतो. तेव्हा हबीबने साक्षीदार म्हणून यायचं ठरलं. सायकलही आणायची ठरली, कारण गुन्ह्याच्या वेळी तीही हजर होती.

खरी गोष्ट आईला त्याच रात्री सांगितली. गल्लीला सांगायची सोय राहिली नव्हती, साखर परत मागता येत नाही. त्यामुळे बारा तारखेला सकाळी गल्लीने मला नोकरीवर धाडलं. इस्त्रीचा शर्ट घातला होता. सिंधुबाईंनी तळहातावर दही दिलं आणि सांगितलं की पहिला दिवस हाय, साहेबाच्या डोळ्यात भरशील असं वाग. मी म्हणालो, प्रयत्न करतो. नाना छत्री घेऊन शेजारी उभे होते. मुलाच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी बाप सोबत का जातो, हे कोणी विचारलं नाही. गुरुजी आहेत, जाणारच.

कोर्टात रहदारीच्या केसेस घाऊक होत्या. आम्ही चोवीस जण एका भिंतीला लागून उभे होतो. माझ्या डावीकडे विंचूरचा एक जण, कांद्याच्या ट्रॅक्टरला आरसा नव्हता. उजवीकडे एक वयस्कर गृहस्थ, सायकलला दिवा नव्हता. त्यांचं म्हणणं होतं की पौर्णिमा होती. मॅजिस्ट्रेट साहेब आले. त्यांची दाढ दुखत असावी, एक गाल हातात धरूनच ते बसले. कारकुनाने चोवीस नावं एका दमात वाचली आणि साहेबांनी सर्वांना मिळून विचारलं, गुन्हा कबूल आहे का.

तेवीस जण एकसुरात "कबूल" म्हणाले. मी "नाकबूल" म्हणालो, पण त्या तेवीसांत माझं "ना" कुठे बुडालं ते मलाही ऐकू आलं नाही. कारकुनाने लिहायला सुरुवात केली. मी हात वर केला, शिपायाने तो खाली दाबला. माझी नोकरी साधारण कारकुनाच्या तिसऱ्या ओळीपर्यंत येऊन पोचली होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "एकेकाने उत्तर द्या रे. गलका नको."

तो नानांचा वर्गातला आवाज होता. छत्तीस वर्षांची सवय, त्यांच्याही नकळत निघाला. कोर्ट चिडीचूप झालं. कारकुनाचं पेन थांबलं. दाराशी उभा असलेला पुंजाराम तर आपोआप खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी विचारलं, कोण बोललं. नाना उठले, माफी मागितली आणि मी प्राथमिक शिक्षक आहे असं सांगितलं. साहेबांनी गालावरचा हात काढून पुन्हा ठेवला आणि म्हणाले, घ्या एकेकाचं.

मी नाकबूल म्हणालो. ते स्वच्छ ऐकू गेलं, आणि तिथेच पंचाईत झाली. आपल्याला असंही म्हणता येतं हे भिंतीशी उभ्या असलेल्यांना पहिल्यांदाच समजलं. पौर्णिमावाले नाकबूल झाले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, मंग मी बी नाकबूल. दहा मिनिटांच्या कामाचा महिनाभराचा खटला होताना दिसू लागला, तेव्हा साहेबांनी सांगितलं की नाकबूल असणाऱ्यांनी तीन आठवड्यांनी परत यायचं. तेवीसच्या तेवीस जण लगेच पुन्हा कबूल झाले. मी एकटा उरलो.

साहेबांनी विचारलं, तुम्हाला परत यायला जमतं का. मी म्हणालो, येणं जमेल, पण चौदा तारीख परत येणार नाही. आणि फॉर्मचं सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. पुंजाराम हजर आहे ना असं विचारून म्हणाले, ठीक आहे, आत्ताच उरकू.

पुंजारामने साक्ष दिली की सायकल चौथऱ्यावर आली तेव्हा तिच्यावर कोणी नव्हतं. साहेबांनी विचारलं, मग डबल सीट कशावरून लिहिलं. तो म्हणाला, उड्या दोन पडल्या, म्हणून.

साहेब मला म्हणाले, "सायकल कोण चालवत होतं? खरं सांगा."

इथे मला सुटायला सोपं होतं. हबीब माझ्याकडे बघून मान हलवत होता, सांगून टाक म्हणून. नाना त्याच्या पलीकडे बसले होते, छत्रीवर दोन्ही हात ठेवून, आणि कुठेच बघत नव्हते.

"पाय माझे होते, साहेब," मी म्हणालो. "हँडल हबीबचं होतं."

मागे बसून पेडल मारता येतं यावर साहेबांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी लहानपणापासून सायकल चालवली होती आणि असं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा नाना पुन्हा उठले आणि अदबीने म्हणाले, "येतं, साहेब. मी दोनदा पाहिलंय आणि दोनदा रागावलोय."

मग आम्ही सगळे बाहेर आवारात आलो. कोर्टाचं कामकाज लिंबाच्या झाडाखाली आलं म्हटल्यावर वकील आले, अशील आले, स्टॅम्प विकणारे आले, ट्रॅक्टरवाला तर दंड भरून परत आला. साहेब पायरीवर उभे राहिले. हबीब सीटवर बसला, पाय लोंबते सोडले. मी कॅरिअरवर बसलो आणि पेडल मारलं. झाडाभोवती एक फेरी झाली. पौर्णिमावाल्यांनी टाळी वाजवली, शिपायाने त्यांना गप्प केलं. साहेबांनी पुंजारामला सांगितलं की त्या दिवशी होतास तसा समोर उभा राहा.

पुंजाराम झाडापलीकडे जाऊन उभा राहिला. आम्ही दुसऱ्या फेरीला वळलो, आणि समोर टोपी दिसली.

हबीबचा दोष नाही. तोंड सवयीचं असतं. तो "मामा" म्हणाला आणि आम्ही दोघांनी उड्या मारल्या. मी शर्टसुद्धा सारखा केला. सायकल एकटी, सरळ, पुंजारामवर चालून गेली. त्याने हात आडवा करून तिला थांबायची खूण केली. ती थांबली नाही. शेवटच्या क्षणी तो बाजूला झाला, आणि सायकल साहेबांच्या पायरीला येऊन टेकली. पुढचं चाक त्यांच्या बुटापाशी फिरत राहिलं.

चाक थांबेपर्यंत साहेब त्याच्याकडे बघत होते. दाढेवरचा हात त्यांनी कधीच काढला होता.

आत गेल्यावर त्यांनी पुंजारामची पावती पुन्हा वाचायला घेतली. डबल सीट, म्हणजे चालकाने आपल्या मागे एक इसम बसवला, असा गुन्हा तिच्यात होता. त्यांनी मला विचारलं, तुमच्या मागे कोण बसलं होतं. मी म्हणालो, माझ्या मागे कोणी नव्हतं साहेब, फक्त मडगार्ड होतं. साहेब म्हणाले की मग आरोपीने मागे इसम बसवलेला नाही. आरोपी स्वतःच मागे होता. आणि मागे बसणाऱ्याविरुद्ध या पावतीत काही लिहिलेलं नाही. निर्दोष.

मग ते पुंजारामला म्हणाले की पुढे बसलेल्यावर केस करायची तर तू करू शकतोस. मी वळून हबीबकडे बघितलं. तो मात्र निवांत होता, त्याला फॉर्म भरायचा नव्हता.

पुंजारामने टोपी काढून विचार केला. "साहेब, त्याचे पाय तर लोंबत व्हते," तो म्हणाला. "त्याला चालवणारा म्हणायचं तर घोड्यावर बसलेल्या नवरदेवाला घोडेवाला म्हणावं लागंल. आन मला परत तारखेला यायला लागंल, ते येगळंच."

साहेबांनी पुढची केस पुकारायला सांगितली.

बाहेर आल्यावर नानांनी इसाकभाईच्या सायकलचं वाकलेलं पुढचं मडगार्ड हाताने सरळ केलं. ते काम होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग ते म्हणाले की इथून घरापर्यंत तिघांनी चालत जायचं, सायकल हातात धरून. तसे आलो. गल्लीत सिंधुबाईंनी विचारलं, पहिल्याच दिवशी दोन वाजता कसा परत. आईने सांगितलं, पहिल्या दिवशी अर्धाच दिवस असतो. तेरा तारखेला मी दोन्ही प्रश्नांपुढे "नाही" लिहिलं. नानांनी ते वाचलं, तारखेखाली रेघ सरळ नाही एवढंच म्हणाले. चौदाला फॉर्म दिला.

महिन्याभराने चौकशीला पोलीस आला. नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते, मी दारात होतो. गल्लीच्या तोंडाशी दोन पोलीस एका सायकलवर दिसले. मागे पुंजाराम होता. त्याला ओट्यावर गुरुजी दिसले आणि त्याने उडी मारली, शर्ट सारखा केला आणि चालत आला. दुसरा आमच्या दारावरून आभाळाकडे बघत पुढे गेला आणि पन्नास पावलांवर एक पाय टेकून थांबला.

"पायीच आलास का रे, पुंजाराम?" नानांनी विचारलं.

"हो गुरुजी."

नानांनी त्याला बसायला सांगितलं. आई साखर घेऊन आली, पण या वेळी कागद कसला आहे हे आधी विचारून घेतलं. पुंजारामने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच हात पुढे केला. मग त्याने खिशातून पेन काढलं. पेन माझं होतं. टोपणावर माझ्या दातांच्या खुणा होत्या. त्याने सावकाश लिहिलं, वर्तणूक चांगली. खाली सही केली, शाई फुंकून वाळवली आणि पेन पुन्हा आपल्या खिशाला लावलं. मी ते परत मागितलं नाही. नुकतंच माझ्याबद्दल जे लिहून झालं होतं, ते लगेच खोडायला लावणं बरं दिसलं नसतं.

पुंजाराम पाया पडून निघाला. आलेला माणूस गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत नाना ओट्यावरून उठत नाहीत, ही त्यांची जुनी शिस्त आहे. त्या दिवशी मात्र पुंजाराम दहा पावलं गेला असेल नसेल, नाना पेपराची घडी करून आत गेले.